पान आणि डाव

आमच्या चोपड्याकडे अक्षय्य तृतीयेला कोणी अक्षय्य तृतीया म्हणत नाहीं, ती आखाजी. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या कांठापर्यंत कोणत्याही गांवीं जावें, हा सण दिवाळीच्या तोडीचा मानलेला आढळेल, आणि त्याला कारणही तसेंच आहे. कापूस विकून झालेला असतो, गहूं-हरभरा कोठीला लागलेला असतो, पावसाला दीड महिना अवकाश असतो, आणि सालदारांचें साल याच सुमारास पुरें होऊन त्यांचा हिशेब चुकता होतो. म्हणजे वर्षांतून एकदांच असा योग येतो कीं, हाताला काम नसतें आणि हातांत पैसा असतो. सासुरवाशिणी माहेरीं येतात, निंबाला झोके बांधले जातात, पितरांच्या नांवानें घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आणि खापरावरची पुरणपोळी व आमरस यांचा नैवेद्य होतो. आणि, सांगण्यास संकोच वाटतो तरी सत्य तें सांगितलेंच पाहिजे, त्याच दिवशीं पारावर, ओट्यावर, खळ्यांत पत्त्यांचे डाव पडतात.

आमचें घर भिक्षुकांचें आणि शाळामास्तरांचें. वडिलांचा दरारा असा कीं, एरवीं घरांत पत्त्यांचा जोड दिसला तर तो थेट चुलींत जाई. परंतु आखाजीच्या सकाळीं पूजा आटोपली कीं तेच स्वतः ओटीवर जाजम पसरीत आणि काका, मामा, जांवई व शेजारचे वकीलसाहेब यांना हांक मारीत. आम्हां मुलांचा डाव चिंचोक्यांवर, मोठ्यांचा पांच-दहा पैशांवर. डाव रंगांत येई, कोणाची तरी सरशी होऊं लागे, आणि नेमक्या त्याच क्षणीं स्वयंपाकघराच्या दारांतून आईचा आवाज येई, "पानें वाढलीं हो!" मराठींत पान म्हणजे जेवणाचें पान आणि पान म्हणजे पत्ताही. त्या एका हांकेसरशीं हातांतलीं पानें खालीं पडत आणि सारे पुढ्यांतल्या पानावर जाऊन बसत. जिंकणारा कुरकुरला तरी उपयोग नसे. पोळी निवते आहे, या कारणापुढें दुसरें कोणतेंही कारण चालत नसे. जेवणानंतर वामकुक्षी, आणि संध्याकाळीं झोके. मोडलेला डाव पुन्हा क्वचितच मांडला जाई.

सर्वांच्याच घरीं असें होत नसे, हेंही सांगितलें पाहिजे. सालभर दुसऱ्याच्या शेतांत राबून मिळालेली रक्कम एका रात्रींत झन्नामन्न्याच्या डावांत घालवून पहांटे पाराच्या कट्ट्यावर डोकें धरून बसलेला मनुष्य मीं लहानपणीं पाहिला आहे. त्या पारावर त्याला जेवायला उठविणारें कोणी नव्हतें. या दोन डावांतला भेद मला तेव्हां समजला नाहीं. तो समजण्यास साठी ओलांडावी लागली आणि पणजीस जावें लागलें.

तीन वर्षांमागें हिवाळ्यांत आम्ही सहकुटुंब मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा यांच्या दर्शनास गेलों होतों. बरोबर थोरल्या बंधूंचा मुलगा होता. तो पुण्यास नोकरीला असतो. बुद्धीनें तल्लख, स्वभावानें लाघवी, घरांत सर्वांचा लाडका. संध्याकाळीं पणजीस मांडवीच्या कांठीं फिरतांना पाण्यांत नांगरलेलीं, दिव्यांनीं लखलखणारीं मोठमोठीं जहाजें दिसलीं. हींच तीं कॅसिनोंचीं जहाजें.

त्यांचा इतिहास फार जुना नाहीं. गोव्यांत १९७६ सालीं सार्वजनिक जुगारास आळा घालणारा कायदा झाला. १९९२ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत खेळाचीं यंत्रें ठेवण्यास, आणि १९९६ सालीं पाण्यावरील जहाजांत पटावरचे डावही मांडण्यास मोकळीक मिळाली. गंमत अशी कीं, त्याच १९७६ सालीं आपल्या महाराष्ट्रानेंही कॅसिनोंस परवाने देण्याचा कायदा केला होता. पण तो कधीं अंमलांत आला नाहीं, आणि २०२३ मध्यें रद्द करण्यांत आला. येथें १८८७ सालचा जुगारबंदीचा कायदाच चालत राहिला. त्यामुळें खानदेशांतला असो वा पुण्यामुंबईचा, हौशी मनुष्य मांडवीच्या धक्क्यावर जातो. खुद्द गोवेकरांस मात्र २०२० च्या फेब्रुवारीपासून तेथें खेळण्यास मनाई करण्यांत आली, आणि एकवीस वर्षांखालील कोणासही प्रवेश नाहीं. जें पान आपल्या मुलांस वाढूं नये असें यजमानानें ठरविलें तें पाहुण्यांस वाढावें, यांतला अर्थ ज्याचा त्यानें लावावा.

पुतण्या म्हणाला, "काका, बाहेरून नांवें ठेवण्यापेक्षां एकदां आंत येऊन पाहा. जेवण उत्तम असतें, आणि तें प्रवेशाच्या पैशांतच येतें." तो तेथें पूर्वीं येऊन गेला आहे हें त्याच्या बोलण्यावरून माझ्या लक्षांत यावयास हवें होतें; तें आलें नाहीं. बायकामुलें मुक्कामीं परतलीं आणि आम्ही दोघे लहान बोटींतून जहाजावर गेलों.

प्रथम जेवणाविषयीं सांगतों, कारण मला तेंच प्रथम दिसलें. शाकाहारी पदार्थांची मांडणी स्वतंत्र होती. वरण, भात, गरम पोळ्या, दोन-तीन भाज्या, दहीवडे, गुलाबजाम. सर्व स्वच्छ आणि रुचकर. वाढणारा मुलगा नम्रपणें म्हणाला, "आजोबा, अजून एक पोळी घ्या ना, आत्तांच तव्यावरून आली आहे." अलीकडे लग्नाच्या पंगतींतही इतक्या अगत्यानें मला कोणी विचारलें नव्हतें. मी सुखावलों, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. मात्र जेवतां जेवतां एक गोष्ट ध्यानांत आली. आजूबाजूचे लोक जेवायला येत, पण जेवून कोणी घरीं जात नव्हतें; हात पुसून जो तो पुन्हा डावाकडे वळे. कांहीं जणांच्या तर हाताशींच बशी आणि पेला आणून ठेवीत, म्हणजे त्यांस उठावेंच लागूं नये. घड्याळ मला कोठें दिसलें नाहीं.

मग पुतण्यानें मला एका यंत्रासमोर बसविलें. याला पत्त्यांचें यंत्र म्हणूं. कांचेवर पांच पत्ते उमटतात. त्यांतले हवे तितके ठेवावे, नको तितके टाकावे. टाकलेल्यांच्या जागीं नवे येतात आणि डाव संपतो. गुलाम, राणी, राजा किंवा एक्का यांची जोडी जमली तर लावलेला पैसा तेवढाच परत. दोन जोड्या जमल्या तर दुप्पट. तीन पत्ते सारखे आले तर तिप्पट. अशी चढती भांजणी. दहा, गुलाम, राणी, राजा, एक्का असे पांचही एकाच बदामाचे किंवा एकाच इस्पिकाचे जमले, तर पूर्ण पैसा लावणारास एकास आठशें. पुतण्यानें माझ्या नांवें थोडे पैसे भरले आणि तो दुसरीकडे गेला.

मी पाऊण तास खेळलों. सहाशें रुपये गेले. त्या पाऊण तासांत मला पैशांचा लोभ वाटला नाहीं, जिंकण्याची आशाही फारशी नव्हती. तरीही उठावेंसें वाटेना. रक्तदाबाची गोळी घ्यावयाची वेळ टळून गेली, तीही ध्यानांत राहिली नाहीं. मुक्कामीं आल्यावर रात्रभर मी याच गोष्टीचा विचार करीत होतों. ज्यानें जन्मभर मुलांस संयमाचे धडे दिले त्याला एका कांचेनें पाऊण तास कसें धरून ठेवलें?

त्याचें उत्तर मला असें सुचलें. निवृत्तीनंतर मनुष्याचें मत कोणी विचारीत नाहीं. कोणता डॉक्टर, कोणती शाळा, कोणता रंग भिंतीला, सारें ठरल्यावर आपणांस कळविण्यांत येतें. येथें मात्र एक यंत्र दर चार-पांच सेकंदांस मला विचारीत होतें, यांतलें काय ठेवूं आणि काय टाकूं? पांच पत्त्यांतले ठेवण्या-टाकण्याचे बत्तीस प्रकार होतात. त्यांतला एक मी निवडी, आणि यंत्र तत्काळ तो मान्य करी. चुकलों तर हंसत नसे, दमत नसे, तोंड फिरवीत नसे. माझा पुतण्या तरुण आहे. कचेरींत त्याला दिवसभर दुसऱ्याचें ऐकावें लागतें. त्यालाही तेंच गोड लागलें असल्यास नवल नाहीं.

या यंत्राची मोहिनी निव्वळ भ्रम आहे, असेंही नाहीं. बावन पत्त्यांतून पांच पत्त्यांचे २५,९८,९६० निरनिराळे हात होतात, आणि प्रत्येक हातासाठीं काय ठेवणें सर्वांत फायद्याचें, हें गणितानें ठरवितां येतें. यंत्राच्या कांचेवर जें फळांचें कोष्टक असतें त्यांत दोन आंकडे महत्त्वाचे. तीन सारखे व दोन सारखे अशा हाताला नऊपट, आणि पांचही एकाच जातीच्या हाताला सहापट फळ असेल, तर अचूक खेळणारास दर शंभर रुपयांमागें सरासरीनें ९९ रुपये ५४ पैसे परत मिळतात. जुगाराच्या घरांत याहून सौम्य तोटा क्वचितच आढळेल. परंतु त्याच नवाचे आठ आणि सहाचे पांच केले, तर परतावा ९७ रुपये ३० पैशांवर येतो. यंत्र तेंच, दिवे तेच, आवाज तोच. तोटा मात्र ४६ पैशांवरून २ रुपये ७० पैशांवर, म्हणजे जवळजवळ सहापट. आणि त्या चांगल्या यंत्रांतही शंभरांतले सुमारें दोन रुपये त्या एकास आठशेंच्या हातांत दडलेले असतात. तो हात चांगल्या खेळाडूस सरासरीनें चाळीस हजार डावांत एकदां येतो. तो येईपर्यंत तोटा अडीच रुपयांच्या घरांतच असतो.

हातसफाईचा खेळाडू ताशीं सहाशें डाव सहज खेळतो. डावाला दहा रुपये धरले तर तासांत सहा हजारांची उलाढाल होते. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर तिच्यांतून सरासरी १६२ रुपये घराला मिळतात, आणि चुका करणाऱ्याकडून याहून अधिक. आतां त्या गरम पोळीकडे पाहा. ती फुकट नव्हती. तिच्यासाठीं मनुष्य आणखी दोन तास जहाजावर थांबला कीं तिची किंमत वसूल होते. पैसा एका मोठ्या डावानें जात नाहीं. तो वेळेनें जातो, आणि वेळ धरून ठेवण्याचें काम स्वयंपाकघर करतें.

ही विद्या जहाजवाल्यांनीं शोधून काढलेली नाहीं. तिचें माहेर अमेरिकेंत आहे. नेवाडा संस्थानानें १९३१ सालीं जुगार कायदेशीर केला, आणि लास वेगास हें वाळवंटांतलें रेल्वेचें गांव त्यावर वाढलें. त्या शहराच्या जुन्या पेठेंत फ्रीमाँट रस्ता म्हणून आहे. तेथें १९०६ सालचें एक हॉटेल पुढें गोल्डन गेट या नांवानें प्रसिद्ध झालें, आणि १९४१ पासूनचें एल कोर्टेझ आहे. नव्या वस्तींतले भव्य प्रासाद सोडून पुष्कळ लोक अजूनही या जुन्या घरांकडेच वळतात, आणि त्याचीं कारणें विचारलीं तर बहुधा दोनच सांगतात : पत्त्यांचीं यंत्रें आणि स्वस्त खाणें. गोल्डन गेटमध्यें १९५९ पासून कोळंबीचा एक पेला पन्नास सेंटांत मिळत असे. ती आपल्या ताटांतली वस्तु नव्हे, पण हिशेब आपल्याही समजुतीचा आहे. तो पेला स्वस्त देण्यांत घरवाल्याचें नुकसान होतें. पण तो घेण्यास येणारा यंत्रांच्या रांगांतून चालत येई आणि चालत जाई. पुढें किंमत वाढत गेली, आणि २०१७ मध्यें तो पेला बंदच झाला. पत्त्यांचें यंत्र १९७० नंतरच्या दशकांत त्याच प्रांतांत आकारास आलें. विल्यम सायलस रेड नांवाच्या व्यापाऱ्यानें तें घरोघर, म्हणजे खेळघरोघर, पोंचविलें. नताशा डाऊ शूल या विदुषीनें लास वेगासच्या यंत्रखेळाडूंत अनेक वर्षें वावरून २०१२ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत असें आढळतें कीं, पुष्कळ खेळाडू जिंकण्यासाठीं खेळतच नाहींत. भोवतालचें जग ज्यांत विसरतें त्या तंद्रींत राहतां यावें म्हणून खेळतात. जिंकलेला पैसाही त्यांना अधिक वेळ खेळतां येईल म्हणूनच हवा असतो. माझा पाऊण तास मला त्या वाक्यांत दिसला.

आपल्या पूर्वजांसही हें अज्ञात नव्हतें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतलें अक्षसूक्त ज्यांनीं वाचलें असेल त्यांस त्या जुगाऱ्याचा विलाप, त्याचा द्वेष करणारी सासू आणि शेवटीं त्याला मिळालेला शेती करण्याचा उपदेश आठवेल. मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकांत दहा सुवर्णांचा देणेकरी झालेला संवाहक शून्य देवळांत मूर्ति होऊन उभा राहतो. सभिक आणि दुसरा जुगारी त्याच्यासमोरच फासे टाकूं लागतात, आणि केवळ फाशांचा आवाज ऐकून त्या मूर्तीला राहवत नाहीं. शूद्रकानें हें हंसण्यासाठीं लिहिलें, पण जहाजावरून परतल्यावर मला हंसूं आलें नाहीं.

शास्त्रकारांत मतभेद होता. मनूनें द्यूत राज्यांतून हांकून द्यावें असें सांगितलें. याज्ञवल्क्यानें तें राजाच्या देखरेखीखालीं चालूं दिलें. कौटिल्यानें द्यूताध्यक्ष नेमून एकाच ठिकाणीं खेळ ठेवावा, अन्यत्र खेळणारास बारा पण दंड करावा, आणि जिंकणाऱ्याकडून शेंकडा पांच घ्यावे, असें लिहून ठेविलें. त्याच प्रकरणांत एक बारीक गोष्ट आहे. फाशांचें भाडें, जागेचें भाडें आणि पाण्याचेही पैसे अध्यक्षानें घ्यावेत. म्हणजे कौटिल्याच्या द्यूतगृहांत तहान लागली तर पैसे मोजावे लागत; मनुष्याला उठून घरीं जाण्यास तेवढें तरी निमित्त असे. आजच्या घरवाल्यानें तेंच उलटें केलें. पाणी फुकट, जेवण प्रवेशांत, आसन मऊ; घरीं जाण्याचें एकही निमित्त शिल्लक ठेवलें नाहीं. सरकारचा वांटा मात्र पांचावर राहिला नाहीं. कॅसिनोंवर आधीं शेंकडा २८ आणि २०२५ च्या सप्टेंबरापासून शेंकडा ४० कर बसला.

आखाजीचा भेद मला येथें उमगला. आमच्या ओटीवर पान वाढलें कीं डाव मोडत असे. जहाजावर डाव मोडूं नये म्हणून पान वाढतात. अन्न तेंच, अगत्यही तेंच. हेतु मात्र उलटा.

एवढ्यावर हा लेख संपला असता तर बरें झालें असतें. परंतु त्यानंतरच्या वर्षीं दिवाळीच्या आधीं पुण्याहून सूनबाईंचा माझ्या पत्नीस फोन आला. घराच्या कर्जाचे हप्ते तीन महिने भरले गेले नव्हते. बँकेंत सव्वाचार लाख असावयाचे तेथें नऊ हजार होते. पुतण्या जहाजावर वर्षांतून एकदां जाई. पण तेथली तंद्री त्याला खिशांत घालून आणतां आली होती. मोबाईलवर पैसे लावून रमी, आणि तीही मध्यरात्रीपर्यंत. मग मला आदल्या आखाजीची एक पंगत आठवली. वहिनींनीं त्याच्या पानांत पोळी वाढली होती, तिच्यावर तूप घातलें होतें, आणि तो डावा हात मांडीवर ठेवून खालीं पाहत होता. अंगठा हलत होता. आम्हांला वाटलें, कचेरीचें काम असेल. पोळी निवली. त्या जागीं आई असती तर तिनें तो हात धरून वर काढला असता. आम्ही कोणी काढला नाहीं. पारावर, निदान, चार माणसें समोर असत. जहाजावर निदान वाढणारा असे. या तिसऱ्या डावांत ना पंगत, ना पान. घरांतल्या दहा माणसांत बसून मनुष्य एकटा जुगार खेळूं शकतो, हें आमच्या पिढीच्या कल्पनेबाहेरचें होतें.

दिवाळीला तो आला तेव्हां थोरले बंधू संतापानें थरथरत होते. "या घरांत पुन्हा पाऊल ठेवूं नकोस," इथपर्यंत शब्द गेले. तो कांहीं बोलेना. मीं त्याला माडीवर नेलें आणि माझ्या पाऊण तासाची गोष्ट सांगितली. सहाशें रुपये, चुकलेली गोळी, आणि उठवेना तें. तोंपर्यंत मीं ती कोणासही सांगितली नव्हती. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मग लहान मुलासारखा रडला. म्हणाला, "काका, मला वाटलें होतें मीच एक असा आहें."

त्यानंतरचें काम नीरस आहे, पण इतर घरांस उपयोगी पडावें म्हणून लिहितों. कर्जाचे थकलेले हप्ते तिघां भावांनीं वांटून भरले, उसने म्हणून. दान म्हणून नव्हे. पगार सूनबाईंच्या हातीं येऊं लागला. तो पुण्यास एका मानसोपचारतज्ज्ञाकडे दर पंधरवड्यास जाऊं लागला. ज्यांस एवढी सोय जवळ नाहीं त्यांच्यासाठीं सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि ती मराठींतही बोलते. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस, मग ते कौशल्याचे म्हणा वा नशिबाचे, तसेंच त्यांच्या जाहिरातींस मनाई केली. शिक्षा चालविणाऱ्यास, खेळणाऱ्यास नाहीं. कायदा चांगला झाला. तरी कायद्यानें यंत्र बंद होतें. ज्या पोकळींत यंत्र शिरलें ती भरण्याचें काम घराचेंच राहतें.

म्हणून वडीलधाऱ्यांस माझें सांगणें एवढेंच आहे. मुलाला नुसतें रागावूं नका, आणि पत्ते चुलींत घालून निर्धास्तही होऊं नका. त्याचें मत घरांत कोण विचारतो, तें पाहा. जेवतांना हात पानावर आहेत कीं नाहींत, तें पाहा. पैशाचा हिशेब दोघांस ठाऊक असावा, एकट्यास नव्हे. आणि कोणी चुकला तर त्याचें पान मांडणें थांबवूं नका. घरचें पान बंद झालें कीं दुसरीकडचें वाढलेलें असतेंच.

यंदाच्या आखाजीला जाजम घालावें कीं नाहीं यावर घरांत वाद झाला. थोरले बंधू नको म्हणत होते. पुतण्याच म्हणाला, "मुलांना खेळूं द्या, चिंचोक्यांवर. मी खेळणार नाहीं. आईला हाताखालीं कोणी नाहीं, मी वाढायला जातों." तो धोतर खोंवून स्वयंपाकघरांत गेला. ओटीवर नातवंडांचा झब्बू ऐन रंगांत आला होता, धाकटीच्या पुढें चिंचोक्यांचा ढीग जमला होता, आणि दारांतून त्याचा आवाज आला,

"पानें वाढलीं हो!"

धाकटी कुरकुरली. पण पोळी निवत होती, सारे उठले.